दरपत्रक नसलेले तपसाधना केंद्र : एक परीक्षण

मालवण आणि वेंगुर्ले यांच्या दरम्यान, मुख्य रस्त्यापासून बरेच आत, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या काजूच्या बागेत सिस्टर्सच्या, म्हणजे कॅथॉलिक जोगिणींच्या, एका लहानशा संघाने चालवलेले तपसाधना केंद्र आहे; तपसाधना म्हणजे काही दिवस घर सोडून मौनात, प्रार्थनेत आणि प्रवचने ऐकण्यात घालवणे. त्याला रस्त्यावर फलक नाही, त्याची जाहिरात होत नाही, आणि नोंदणी आपापल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांच्या किंवा प्रोटेस्टंट मंडळीच्या पाळकांच्या चिठ्ठीवरच होते. त्यामुळे नाव छापून त्यांच्या दारात अनोळखी माणसांची रीघ लावण्यात अर्थ नाही. तरीही हे परीक्षण लिहिण्याचे कारण असे की, प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, जवळ आला की कोकणातील आणि वसईकडील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांत ‘यंदा तपसाधनेला कुठे जावे’ याची चर्चा सुरू होते, आणि तिचा निकाल बहुधा प्रवचनकाराच्या नावावरून लागतो. या घरात राहून आल्यावर माझे मत असे झाले आहे की तपसाधनेची पारख प्रवचनांइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, त्या घराच्या स्वयंपाकघरावरून, वेळापत्रकावरून आणि जमाखर्चाच्या वहीवरून करावी.

गुरुवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या दुपारपर्यंत चाललेल्या या तपसाधनेचा विषय ‘परमेश्वरावर अवलंबून राहणे’ असा होता. विषय ऐकायला सोपा आहे, परंतु मराठी माणसाच्या कानावर तो पडताच ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आठवते आणि अवलंबून राहणे म्हणजे आळशीपणाला दिलेले धार्मिक नाव तर नव्हे, अशी शंका येते. पहिल्या संध्याकाळी प्रवचनकार फादरांनी ही म्हण स्वतःच उच्चारली, हे बरे झाले. शंका झाकून ठेवून पुढे जाणारी तपसाधना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही तग धरत नाही.

आधी पैशांविषयी, कारण या घराचे वेगळेपण तिथून सुरू होते. केंद्राला दरपत्रक नाही. शेवटच्या दिवशी जेवणघराच्या दाराशी ठेवलेल्या लाकडी पेटीत पाकीट टाकायचे असते. पाकिटावर नाव लिहायचे नसते, आणि एखाद्याने रिकामे पाकीट टाकले तरी ते कोणी टाकले हे कळण्याचा मार्ग नाही. साधारण किती द्यावे, असे विचारल्यावर व्यवस्थापक सिस्टरांनी आकडा सांगण्याचे टाळले आणि घराचा जमाखर्च व्हरांड्यातील वहीत आहे, वाटल्यास पाहावा, एवढेच सांगितले. ती वही मी पाहिली. तांदूळ, गॅस, विजेचे बिल, विहिरीवरच्या पंपाची दुरुस्ती, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायकांचे पगार, कौले शाकारण्याचा खर्च असे सगळे तिच्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे, आणि काही महिन्यांखाली तूट लाल शाईने दाखवलेली आहे.

ही पद्धत या सिस्टर्सनी शोधून काढलेली नव्हे. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्युलर (1805–1898) यांनी कोणाकडेही पैशांची मागणी न करता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवले आणि त्यांच्या हयातीत दहा हजारांवर मुलांचा सांभाळ केला. त्यांचे आणि त्यांच्यासारख्या इतर मिशनऱ्यांचे चरित्र वाचून पंडिता रमाबाईंना प्रश्न पडला की असाच विश्वास ठेवून हिंदुस्थानातही कोणाला काम करता येणार नाही काय. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली व विधवा यांच्यासाठी केडगावात जे काम वाढत गेले, त्यामागे हा भरवसा होता हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्युलर दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापत असत, आणि अहवाल छापणे ही एका परीने मागणीच नव्हे काय, असा आक्षेप कोणीही घेऊ शकेल. व्हरांड्यातील लाल शाई पाहून मलाही तोच आक्षेप सुचला. सिस्टरांपुढे मांडल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘वही कपाटात ठेवली तर लोक म्हणतील पैसा कुठे जातो ते कळत नाही, आणि बाहेर ठेवली तर म्हणतील सिस्टर मागतात. दोन्हीपैकी दुसरे बोलणे ऐकून घ्यायला सोपे.’’ हे उत्तर मला पटले, कारण त्यात आपण फार पवित्र काही करीत आहोत असा आव नव्हता. शिवाय हे घर केवळ पाकिटांवर चालत नाही. काजूगर, आमसूल आणि कोकमाचे आगळ यांची विक्री होते. पहाटे प्रार्थनेआधी अंगण झाडणाऱ्या आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आमसुले वाळत घालणाऱ्या सिस्टर्स पाहिल्यावर, ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, हे प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेले वाक्य (2 थेस्सलनीकाकरांस 3:10) या घरात निराळे समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

खोल्या चिऱ्याच्या, कौलारू आणि स्वच्छ आहेत. लोखंडी खाट, मच्छरदाणी, टेबल, खुर्ची, बायबल आणि भिंतीवर क्रूस, याखेरीज खोलीत काही नाही. स्नानगृहे सामायिक आहेत, आणि विहिरीचे पाणी खाली गेले की माणशी बादल्या मोजून मिळतात. मोबाइल गुरुवारी रात्री एका टोपलीत जमा करावा लागतो; घरी आजारी माणूस असेल तर कार्यालयातील फोनचा नंबर घरी देऊन ठेवण्याची मुभा आहे. मौन काटेकोरपणे पाळले जाते, जेवणाच्या वेळीसुद्धा, आणि ते मोडणाऱ्याकडे कोणी डोळे वटारत नाही.

जेवणाविषयी लिहिताना परीक्षकाची पंचाईत होते, कारण येथे ठरलेला बेत नसतो. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तिच्यासोबत लोणचे किंवा खोबऱ्याची चटणी. दुपारी भात, कुळथाची पिठी किंवा डाळ, परसातली एखादी भाजी. आणि रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, मासे लागले असतील तर मासळीची आमटी. रापणीची दोरी ओढायला हात लावणाऱ्याला वाटा मिळण्याची रीत या किनाऱ्यावर जुनी आहे. केंद्राचा माळी भल्या पहाटे दोरी ओढायला जातो आणि त्याच्या वाट्यातला काही भाग या घरात येतो. शुक्रवार उपवासाचा असल्याने रात्री केवळ पेज होती; शनिवारी माळ्याला पेडवे मिळाले, म्हणून सर्वांच्या ताटात पेडवे आले; रविवारी त्याच्या हाती काहीच लागले नाही, तेव्हा सोलकढी आणि भातावर भागवण्यात आले. याविषयी कोणीही प्रवचन दिले नाही, आणि ते न देण्यातली समज मला फार आवडली. मात्र सगळा आहार भातावर बेतलेला असल्यामुळे मधुमेह असलेल्यांची गैरसोय होते. नोंदणीच्या वेळी आजारांविषयी एक प्रश्न विचारला, तर हे सहज टळण्यासारखे आहे.

आता प्रवचनांकडे वळतो. मुख्य प्रवचनकार फादर वसईकडचे होते. भाषा शुद्ध, आवाज मोठा आणि घड्याळाकडे पाहण्याची सवय कमी. शुक्रवारी सकाळी त्यांनी बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायातील मान्नाची कथा घेतली. मिसर देशातून बाहेर पडलेले इस्राएल लोक अरण्यात भुकेने कुरकुर करू लागतात, तेव्हा रोज सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर अन्न आढळते. प्रत्येकाने माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, एवढेच गोळा करायचे असते. दुसऱ्या दिवसासाठी ठेवले तर त्यात किडे पडतात, आणि सहाव्या दिवशी मात्र शब्बाथसाठी, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसासाठी, दुप्पट गोळा केलेले नासत नाही. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि बहुतेक प्रवचनकार ‘देव पुरवठा करतो’ एवढे सांगून पुढे जातात. या फादरांनी त्या कथेतील कष्टांकडे लक्ष वेधले. मान्ना घरात येऊन पडत नव्हता. ऊन चढले की तो वितळत असे, म्हणून पहाटे उठून तो वेचावा लागे. बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात तर लोक तो जात्यावर दळीत किंवा उखळात कुटीत आणि भांड्यात शिजवून त्याच्या पोळ्या करीत, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे देवाने दिले ते दाणे होते. वेचणे, दळणे, कुटणे आणि रांधणे माणसांकडेच राहिले. देवावर अवलंबून राहणारा माणूस रिकामा बसतो, हा समज या एका तपशिलाने जेवढा दूर होतो, तेवढा दहा उपदेशांनी होणार नाही.

दुपारी प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे होते, म्हणजे मौनही मोडत नव्हते आणि लाजणाऱ्यांची सोयही होत होती. एका चिठ्ठीतला प्रश्न असा होता : मान्ना उद्यासाठी ठेवायचा नव्हता, तर मग आम्ही मे महिन्यात पावसाची बेगमी करतो, सुके बांगडे, आमसुले, फणसाचे पापड भरून ठेवतो, तो अविश्वास समजायचा काय? संपूर्ण तपसाधनेतील हा सर्वांत चांगला प्रश्न होता आणि फादरांनी त्याला पुरेसा वेळ दिला. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा, ही आज्ञा देवानेच दिलेली होती. उत्पत्तीच्या 41 व्या अध्यायात योसेफ सुबत्तेच्या सात वर्षांत धान्याची कोठारे भरतो आणि दुष्काळाच्या सात वर्षांत त्याच कोठारांतून मिसर देशाला आणि शेजाऱ्यांना जगवतो. याउलट लूकच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायातील धनवान मनुष्य पीक अमाप आले म्हणून जुनी कोठारे मोडून मोठी बांधायचे ठरवतो, आणि त्याच्या सगळ्या बोलण्यात त्याच्या स्वतःखेरीज दुसरे कोणी येत नाही. बेगमी करणारा पाऊस येणार हे मान्य करतो; हाव धरणारा मृत्यू येणार हे मान्य करीत नाही, असा भेद फादरांनी केला. त्यापुढे त्यांनी यहोशवाच्या 5 व्या अध्यायातील 12 वे वचन वाचून दाखवले, ज्याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते : देवाने देऊ केलेल्या कनान देशात पोहोचून लोकांनी तिथल्या शेतातले धान्य खाल्ले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला. देणारा तोच राहिला, देण्याची वाट बदलली; आणि म्हणूनच अनुवाद या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायात त्यांचा पुढारी मोशे लोकांना बजावतो की, घरे बांधून, गुरेढोरे वाढून पोट भरल्यावर ‘हे धन माझ्या हाताच्या बळाने मिळवले’ असे मनात आणू नका. ज्या अध्यायात मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे वाक्य आहे, तोच हा अध्याय. येशूने अरण्यातील मोहाच्या वेळी सैतानाला दिलेले उत्तर (मत्तय 4:4) त्यातूनच घेतलेले आहे. पगार नियमित येणाऱ्या आमच्यासारख्यांना अरण्यापेक्षा कनानातला हा इशारा अधिक लागू पडतो, हे म्हणण्याचे धैर्य फादरांनी दाखवले.

शनिवारी सकाळचे प्रवचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायावर होते, आणि ते लांबले. पाच भाकरी आणि दोन मासे यांनी पाच हजारांना जेवू घालण्याची घटना, त्यानंतर लोकांनी सरोवरापलीकडे येशूचा केलेला पाठलाग, आणि तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता, असे त्याने त्यांना तोंडावर सांगणे, हा भाग फादरांनी उत्तम रंगवला. ‘मीच जीवनाची भाकर आहे’ (योहान 6:35) या वचनाचा अर्थ सांगताना त्यांनी दोन्ही परंपरांना न्याय दिला. त्या वचनात भूक शमण्यासाठी येशूकडे येणे आणि तहान शमण्यासाठी त्याच्यावर विश्वास ठेवणे सांगितले आहे, यावर प्रोटेस्टंट मंडळ्या भर देतात. तर त्याच अध्यायाच्या पुढील भागात आपले शरीर खाण्याविषयी आणि रक्त पिण्याविषयी येशू जे बोलतो, त्यात कॅथॉलिक परंपरा मिस्सात, म्हणजे आपल्या मुख्य उपासनेत, भाकरीच्या रूपाने दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद पाहते. रत्नागिरीकडून आलेली काही प्रोटेस्टंट कुटुंबे तिथे होती, त्यामुळे हा समतोल केवळ सौजन्याचा नव्हता. परंतु या प्रवचनाचा खरा कणा अध्यायाच्या शेवटी आहे. हे बोलणे कठीण आहे असे म्हणून पुष्कळ शिष्य निघून जातात, येशू बारा जणांना ‘तुम्हीही जाऊ पाहता काय’ असे विचारतो, आणि पेत्राचे उत्तर विजयी विश्वासाचे नाही. प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार, असा तो उलट प्रश्न आहे. समजले म्हणून नव्हे, तर जायला दुसरी जागा नाही म्हणून थांबलेल्या माणसाचे हे उत्तर आहे. अवलंबून राहणे याचा इतका प्रामाणिक नमुना शुभवर्तमानात दुसरा क्वचित सापडेल, आणि नेमक्या याच ठिकाणी फादरांनी घाई केली, कारण मिस्साची वेळ उलटून गेली होती.

सर्वांत चांगले प्रवचन फादरांचे नव्हते. शनिवारी दुपारी, जेवणानंतर डोळे मिटू लागण्याच्या वेळी, परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केलेल्या एका सिस्टरांनी जुन्या करारातील संदेष्टा एलीया याच्याविषयी विवेचन केले. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या 17 व्या अध्यायात ज्या एलीयाला करीथ ओहोळाकाठी कावळे भाकरी आणि मांस आणून देतात, आणि ज्याच्यासाठी सारफथच्या विधवेच्या मडक्यातले पीठ आणि कुपीतले तेल संपत नाही, तोच एलीया 19 व्या अध्यायात ईजबेल राणीच्या भीतीने पळून रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. म्हणजे चमत्कार पाहिलेला माणूसही खचतो. देवदूत येतो तेव्हा तो एलीयाला त्याच्या अविश्वासाबद्दल बोल लावत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो, आणि खाऊन तो पुन्हा झोपला तर त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो, आणि त्या अन्नाच्या बळावर चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून तो होरेब डोंगरावर पोहोचतो. सिस्टरांनी ही कथा रुग्णाच्या नोंदपत्रासारखी वाचली : किती थकवा, किती झोप, किती अन्न, मग कुठे चालणे, आणि मग कुठे डोंगरावरची ती मंद वाणी. प्रार्थनेत काहीच जाणवत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना, तुम्ही शेवटच्या पुरेशा झोपल्या कधी, असे त्या आधी विचारतात. मन सतत खचलेले असेल तर डॉक्टरकडे जाणे हा विश्वासाचा अभाव नाही, हे त्यांनी कॅथॉलिक बायबलमधील सिराखच्या ग्रंथाच्या 38 व्या अध्यायाचा आधार देऊन सांगितले. तिथे वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असे म्हटले आहे. गोळ्या सोडून प्रार्थनेवर राहा, असे सांगणारे लोक आपल्या समाजात आहेत. त्यांना उत्तर देणारे इतके शांत भाषण मी फार काळात ऐकले नव्हते. ते तासभर चालले असते तरी चालले असते, पण वेळापत्रकात सिस्टरांच्या वाट्याला फादरांच्या निम्मा वेळ होता. पुढच्या वर्षी हे प्रमाण बदलावे, अशी सूचना मी लेखी दिली आहे.

शनिवारी रात्रीच्या साक्षींविषयी, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले हे सर्वांसमोर सांगण्याच्या कार्यक्रमाविषयी, चांगले लिहिता येत नाही. बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी, अडचणीच्या काळात देवाला आपण किती दिले आणि नंतर धंद्यात ते किती पटींनी परत आले, याचा हिशेब मांडला. व्हरांड्यातील वही आणि हा हिशेब यांत मोठे अंतर आहे. देवाकडून परतावा घेण्याची ही भाषा अलीकडे कोकणातल्या प्रार्थनासभांतही ऐकू येते, आणि तिच्यामुळे ज्यांची होडी फुटली, ज्यांचा काजू मोहरावर पाऊस पडून गेला, त्यांच्या विश्वासात काही खोट असली पाहिजे, असे अप्रत्यक्षपणे सुचवले जाते. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि त्याला काटा निघाल्याचे नव्हे, तर माझी कृपा तुला पुरे आहे असे उत्तर मिळाले (2 करिंथकरांस 12). संदेष्टा हबक्कूक तर अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही आणि गोठ्यात गुरे नाहीत, असे सर्व मोजून झाल्यावर तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे म्हणतो. या दोन्ही उताऱ्यांना रविवारी सकाळी फादरांनी अगदी थोडक्यात स्पर्श केला. शनिवारच्या साक्षीला ते उत्तर होते की योगायोग, हे मला कळले नाही. उत्तर असेल तर ते अधिक स्पष्ट असायला हवे होते.

दिवसाच्या शेवटी चॅपलमध्ये पाव तास होणारे आत्मपरीक्षण मात्र निर्दोष होते. त्याचा आराखडा संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेतला आहे. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेल्या या सैनिकाने पुढे जी साधना रचली, तिला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. मूळ साधना सुमारे तीस दिवसांची आहे आणि आज जगभर होणाऱ्या लहानमोठ्या तपसाधना बऱ्याच अंशी तिच्यातूनच निघालेल्या आहेत. आभार मानणे, प्रकाश मागणे, दिवसाची उजळणी, पश्चात्ताप आणि उद्यासाठी संकल्प अशा पाच पायऱ्या सिस्टर मंद आवाजात सांगत आणि मध्ये भरपूर शांतता ठेवत. आभारांपासून सुरुवात करण्याची शिस्त दिसायला साधी आहे, परंतु दिवसभरात आपल्या कर्तृत्वाने झाल्या असे वाटणाऱ्या किती गोष्टी दुसऱ्याच्या हातून आल्या होत्या, हे तिच्यामुळे ध्यानात येते. घरी आल्यावरही चालू ठेवता येईल अशी ही एकच गोष्ट तपसाधनेत शिकवली गेली, आणि तेवढी पुरेशी आहे. व्यक्तिगत मार्गदर्शनाची वेळ मात्र फारच अपुरी होती. पापनिवेदनाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्यांची चुळबुळ ऐकू येत असताना कोणी आपल्या आयुष्याविषयी सविस्तर बोलू शकत नाही.

मिस्सा मराठीतून झाली, एक पाठ कोकणीतून वाचला गेला. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी प्रोटेस्टंट पाहुण्यांनी हात छातीशी जोडून पुढे यावे आणि आशीर्वाद घ्यावा, हे फादरांनी आधीच, कोणाला अवघडल्यासारखे होणार नाही अशा शब्दांत सांगितले होते. गायनात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे होती. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले, आणि परमेश्वरावर भार टाकणाऱ्या भक्ताची मराठी वाणी आपल्याला त्यामुळे उसनी घ्यावी लागत नाही. पेटी वाजवणारे गृहस्थ उत्तम होते. ध्वनिवर्धक मात्र साठ माणसांच्या चॅपलला साजेसा नव्हता, तो बंद करून गायले असते तर अधिक गोड लागले असते. ग्रंथालयाचे कपाट जुन्या नियतकालिकांनी भरलेले आहे. वाचायचे पुस्तक घरूनच न्यावे.

एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. तपसाधनेला आलेल्या स्त्रियांत बहुतेकजणी साठीच्या पुढच्या होत्या. ज्यांची मुले लहान आहेत, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, ज्या बाजारात मासळी विकायला बसतात, त्या तीन रात्री घराबाहेर राहू शकत नाहीत, आणि एलीयाविषयीचे ते विवेचन नेमके त्यांच्यासाठी होते. सिस्टर्स आता महिन्यातून एकदा जवळच्या धर्मग्रामांत जाऊन सकाळच्या वेळात छोटी तपसाधना घेतात आणि मुलांना तेवढा वेळ दुसऱ्या सिस्टर सांभाळतात, असे कळले. माझ्या मते केंद्राच्या सगळ्या कामांत पाकिटातला मोठा वाटा या उपक्रमाला जायला हवा.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मच्छीमार कुटुंबांसाठी येथे वेगळी तपसाधना होते. तिला बाहेरच्यांना प्रवेश नाही, तेव्हा त्यासाठी कोणी चिठ्ठी मागू नये. इतरांसाठी प्रायश्चित्तकाळातील जागा लवकर भरतात आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा नोंदणी सुरू होते. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून एस.टी. आणि पुढे रिक्षा, असा प्रवास आहे. रिक्षावाल्याला ‘सिस्टरांची बाग’ म्हटले की पुरते. ज्यांना रडवणारी, टाळ्या वाजवायला लावणारी प्रवचने हवी आहेत त्यांनी येथे येऊ नये, त्यांची निराशा होईल. येणाऱ्यांनी मच्छर पळवणारे मलम, आपली औषधे, मधुमेह असल्यास आपला फराळ, आणि एक चांगली विजेरी सोबत घ्यावी, कारण वीज वरचेवर जाते आणि चॅपलकडे उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्यांना अजून कठडा नाही. वयस्कर माणसांच्या दृष्टीने ही केंद्रातली सर्वांत मोठी त्रुटी आहे, आणि वहीत पाहिल्याप्रमाणे त्या कठड्याचा खर्च अजून जमलेला नाही.